सोसाट्याचा वारा म्हणजे नेमका किती वारा?

मे संपत आला की मोबाइलवर इशारे सुरू होतात. पुढच्या तीन तासांत मुंबई, ठाणे, पालघर, रायगड इथे मेघगर्जनेसह पाऊस आणि सोसाट्याचा वारा. सोसायटीच्या ग्रुपवर तोच इशारा पाच जण पुढे पाठवतात, कुणी गॅलरीतले कपडे काढतं, कुणी तेही करत नाही. सोसाट्याचा म्हणजे किती, हे विचारलं तर दहा जण दहा उत्तरं देतील. त्यात त्यांची चूक नाही. ताशी ३५ किलोमीटरच्या वाऱ्यालाही आपण सोसाट्याचा म्हणतो आणि जून २०२० मध्ये अलिबागच्या दक्षिणेला धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळातल्या ताशी ११० किलोमीटरच्या वाऱ्यालाही सोसाट्याचाच. या दोन वाऱ्यांच्या जोरात जवळपास दहा पटींचा फरक आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकांत या दोन वाऱ्यांसाठी एकच शब्द नसतो. समुद्र खवळतोय, वारा मधूनच उसळतोय, पण वेग पन्नाशीच्या आसपास आहे, तर ‘स्क्वॉली विंड’. वेग साठीच्या पुढे गेला आणि तिथेच टिकून राहिला, की ‘गेल विंड’. पत्रक मराठी बातमीत उतरेपर्यंत दोन्हींचा सोसाट्याचा वारा होतो. शब्द छानच आहे, उच्चारला की कानाशी वारा वाजतो. पण त्याला आकडा नाही. ‘गेल’ला आहे: ३४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६२ किलोमीटर. नॉट हे दर्यावर्दींचं माप. तासाला एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर.

आता ३४ हा असा आडनिडा आकडा कुठून आला? त्यासाठी १८०५ मध्ये जावं लागतं. ब्रिटिश आरमारात फ्रान्सिस ब्यूफोर्ट नावाचा अधिकारी होता. जहाजावर वाऱ्याची नोंद रोज व्हायची, पण मोजायला धड यंत्र नव्हतं. त्यामुळे एका कप्तानाचा जोराचा वारा तो दुसऱ्याचा मध्यम वारा, आणि नोंदवह्या एकमेकींशी जुळायच्या नाहीत. ब्यूफोर्टनं वारा मोजायच्या भानगडीत न पडता शिडांकडे पाहिलं. या वाऱ्यात युद्धनौकेवर किती शिडं उभी ठेवता येतील, यावरून त्यानं शून्य ते बारा अशा पायऱ्या लावल्या. शून्य म्हणजे वारा पडलेला. बारा म्हणजे कुठलंच शीड टिकणार नाही. ‘गेल’ आठव्या पायरीवर बसला. १८३० च्या दशकात आरमारानं ही मोजपट्टी अधिकृत केली. किलोमीटर आणि नॉट नंतर त्या पायऱ्यांना चिकटवले गेले, म्हणून आकडे असे वेडेवाकडे आहेत. आठवी पायरी ताशी ६२ ते ७४ किलोमीटर, नववी ७५ ते ८८, दहावी ८९ ते १०२, अकरावी ११७ पर्यंत आणि ११८ पासून बारावी.

जमिनीवर शिडं नसतात. म्हणून १९०६ मध्ये जॉर्ज सिम्पसन यांनी याच पायऱ्यांना जमिनीवरच्या खुणा दिल्या. हे गृहस्थ काही काळ भारतीय हवामान खात्यातही होते. त्यांच्या खुणांप्रमाणे सहाव्या पायरीवर, म्हणजे ताशी ३९ ते ४९ ला, छत्री आवरत नाही आणि तारा शिट्टी वाजवतात. सातवीवर अख्खं झाड हलतं. आठवीवर डहाळ्या मोडतात आणि वाऱ्याच्या तोंडावर चालणं जड जातं. झाडं मुळासकट पडायला दहावी पायरी लागते.

हे वाचून मुंबईकराला हसू येईल. आपल्याकडे दहावीची वाट कोण बघतं? गुलमोहर आणि पीतमोहर याच्या कितीतरी आधी आडवे होतात. पहिल्याच पावसाच्या दिवशी झाड पडून दबलेल्या गाड्यांचे फोटो पेपरात असतात. झाडाच्या बुंध्याला चहूबाजूंनी काँक्रीट नि पेव्हर ब्लॉक, एका बाजूची मुळं केबलच्या खोदकामात तोडलेली, फांद्या छाटल्या त्याही इमारतीच्या बाजूच्या, म्हणजे सगळा भार रस्त्याच्या बाजूला. असं झाड सहाव्या पायरीवरही जातं. सिम्पसनची खूण धडधाकट झाडासाठी होती. पडलेलं झाड बघून वाऱ्याचा वेग ओळखायचा प्रयोग मुंबईत करू नये.

आठव्या पायरीचं आणखी एक महत्त्व आहे, जे फारसं कुणी सांगत नाही. अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, की त्याची बढती वाऱ्याच्या वेगावर होते. ताशी ३१ किलोमीटरपासून ‘डिप्रेशन’, ५० पासून ‘डीप डिप्रेशन’, आणि ६२ झाले की चक्रीवादळ. तिथेच त्याला नाव मिळतं. ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशनं सुचवलेलं, ‘तौक्ते’ म्यानमारनं. म्हणजे ‘गेल’चा उंबरठा आणि बारशाचा उंबरठा एकच आहे. पुढे ८९ ला तीव्र, ११८ ला अतितीव्र, आणि २२२ च्या वर महाचक्रीवादळ. निसर्ग ‘तीव्र’ होतं. पुढच्या वर्षी मे महिन्यात मुंबईच्या पश्चिमेनं गुजरातकडे गेलेलं तौक्ते त्याहून बरंच मोठं होतं.

आता त्या दहा पटींकडे येऊ. वारा आपल्याला वेग म्हणून सांगतात, पण पत्रा उडवतो तो दाब, आणि दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, तिप्पट झाला की नऊपट. फास्ट लोकलच्या दारात उभं राहणाऱ्याला हे शरीरानं ठाऊक असतं. गाडी स्टेशनातून निघताना चेहऱ्यावर येते ती झुळूक, आणि तीच गाडी पूर्ण वेगात आली की डोळे उघडे ठेवता येत नाहीत, हात बाहेर काढला तर कुणी मागे ओढल्यासारखा जातो. त्या पूर्ण वेगातला वारा म्हणजे साधारण ‘गेल’ किंवा त्याच्या किंचित वरचा.

गणित अवघड नाही. वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, ०.६ नं गुणायचं. उत्तर मिळतं ते दर चौरस मीटरवर किती न्यूटन दाब. त्याला ९.८ नं भागलं की किलो. ताशी ३१ किलोमीटरला हा दाब चौरस मीटरमागे साडेचार किलो वजनाएवढा होतो. ६२ ला अठरा किलो. १२० ला अडुसष्ट किलो. माणसाच्या अंगावर हे निभावतं, कारण माणसाचं क्षेत्रफळ अर्धा-पाऊण चौरस मीटर. होर्डिंगचं तसं नाही.

१३ मे २०२४ ला दुपारनंतर धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरच्या छेडा नगरमधलं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं. १७ माणसं गेली. त्या फलकाचा आकार होता १२० फूट बाय १२० फूट, म्हणजे १,३०० चौरस मीटरच्या पुढे. महापालिकेच्या नियमात जास्तीत जास्त ४० बाय ४० बसतं. वरचं गणित लावलं तर ‘गेल’च्या उंबरठ्यालाच, ताशी ६२ ला, या फलकावर जवळपास २४ टन रेटा येतो. फलकाच्या आकारामुळे प्रत्यक्षात याहूनही जास्त. चाळीस बाय चाळीसच्या फलकावर त्याच वाऱ्यात तीन टनही येत नाही.

अशा वेळी ‘निसर्गाचा कोप’ वगैरे शब्द लगेच निघतात. ते मला पटत नाहीत, आणि त्याला आधार भारतीय मानक संस्थेचाच आहे. आय. एस. ८७५ या मानकाचा तिसरा भाग वाऱ्यावर आहे. कुठल्या शहरात बांधकाम करताना किती वारा गृहीत धरायचा, ते त्यात दिलंय. मुंबईसाठी आकडा आहे सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. पुण्याला ३९, चेन्नई आणि कोलकात्याला ५०. साधारण पन्नास वर्षांत एकदा येऊ शकेल असा हा झोत. म्हणजे मुंबईत जे काही उभं करायचं, ते याला टिकेल अशा हिशोबानंच करायचं आहे. त्याच्या कितीतरी खालच्या वाऱ्यात एखादी गोष्ट पडली, तर प्रश्न वाऱ्याला विचारायचा नसतो.

वरच्या परिच्छेदात मी ‘झोत’ म्हटलं, आणि इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. वारा एका लयीत वाहत नाही. तो थांबतो, उसळतो, पुन्हा मंदावतो. म्हणून इशाऱ्यात दोन आकडे असतात: ‘ताशी ५० ते ६० किलोमीटर, झोत ७० पर्यंत’. पहिला आकडा सरासरीचा. चक्रीवादळाच्या बाबतीत आपलं हवामान खातं तीन मिनिटांची सरासरी घेतं. अमेरिकेत एक मिनिटाची घेतात, त्यामुळे त्यांच्या संकेतस्थळावर त्याच वादळाचा वेग जास्त दिसतो आणि आपल्याकडे लगेच ‘खातं खरं लपवतंय’ अशी कुजबुज सुरू होते. जागतिक हवामान संघटनेची सरासरी तर दहा मिनिटांची. कुणी काही लपवत नाही, घड्याळं वेगळी आहेत. दुसरा आकडा झोताचा, म्हणजे काही सेकंदांच्या उसळीचा. पत्रे, फलक, बांधकामाच्या बांबूच्या परांच्या पडतात त्या या उसळीत. त्यामुळे घरातल्या माणसानं पाहायचा तो दुसरा आकडा.

आणि हे दोन्ही आकडे जमिनीपासून दहा मीटर उंचीवरच्या, मोकळ्या जागेतल्या वाऱ्याचे असतात. दहा मीटर म्हणजे तिसरा मजला. मुंबईत नवी इमारत चाळीस मजल्यांच्या खाली कुणी बांधत नाही असं वाटण्याचे हे दिवस. जमिनीलगत घरं, झाडं, भिंती वाऱ्याला अडवतात, वर अडवायला कुणी नाही. शंभर मीटर उंचीवर वारा साधारण तिसऱ्या हिश्श्यानं तरी जास्त वाहतो, म्हणजे दाब पाऊणपटीहून अधिक वाढतो. खाली चहाच्या टपरीवर ‘आज काय एवढा वारा नाही’ असं म्हणणारा आणि तिसाव्या मजल्यावर ज्याच्या काचा थरथरतायत तो, दोघंही खरं बोलत असतात. शिवाय दोन उंच इमारतींच्या फटीतून वारा दाटून निघतो. लोअर परळला पावसाळ्यात छत्री घेऊन चाललेल्या कुणालाही विचारा.

मुंबईला असा वारा येतो तो तीन वेगवेगळ्या वाटांनी, आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. मान्सूनपूर्व ढगाचा वारा सगळ्यात फसवा. दिवसभर घामाच्या धारा, हवा ठप्प, दुपारनंतर पूर्वेला काळा ढग. त्या ढगातून पाऊस पडू लागतो, पण खालची हवा कोरडी असली की थेंब वाटेतच वाफ होतात. वाफ होताना ते आजूबाजूची हवा गार करतात. गार हवा जड, ती धबाबा खाली येते, जमिनीवर आदळते आणि आडवी पसरते. पाऊस पोचायच्या आत वारा पोचतो, पुढे धुळीचा पडदा घेऊन. घाटकोपरच्या दिवशी आकाश पिवळं झालं होतं ते यामुळे. हा वारा फार तर अर्धा तास टिकतो. सावध व्हायला वेळ देत नाही, हाच त्याचा धोका.

दुसरा मान्सूनचा. हा सांगून येतो, दिवसच्या दिवस राहतो आणि एरवी फार नुकसान करत नाही. कधीतरी मात्र किनाऱ्याजवळ दाबातला फरक एवढा वाढतो, की चक्रीवादळ नसताना चक्रीवादळाचे आकडे दिसतात. ५ ऑगस्ट २०२० ला कुलाब्याला झोतांनी ताशी शंभरी ओलांडली, जेएनपीटी बंदरातल्या अजस्र क्रेन कोसळल्या. त्या दिवशी मुंबईजवळ कुठलंही नाव असलेलं वादळ नव्हतं. नाव नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत त्या दिवशी तरी मोडायला हवी होती.

तिसरं चक्रीवादळ. आपल्या गोलार्धात त्याचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो, आणि कोण वाचणार, कोण झोडपला जाणार हे त्यावर ठरतं. निसर्ग मुंबईच्या दक्षिणेला जमिनीवर आलं, म्हणून मुंबईत वारा जमिनीकडून समुद्राकडे होता आणि पाणी किनाऱ्यावर चढलं नाही. जोराची बाजू गेली श्रीवर्धन, दिवेआगरकडे. तिथल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. तौक्ते उलट होतं. ते मुंबईला न धडकता शंभर किलोमीटरहून लांब समुद्रातून उत्तरेकडे गेलं, पण मुंबई त्याच्या उजव्या बाजूला आली. कुलाब्याला पुन्हा शंभरीपार झोत, गेटवेच्या कठड्यावरून लाटा, आणि समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडून मोठी मनुष्यहानी. न धडकलेल्या वादळानं हे केलं.

जाता जाता एक. मुंबईत १८८२ मध्ये चक्रीवादळ येऊन एक लाख माणसं मेली, अशी गोष्ट अजूनही दर पावसाळ्यात फिरते. कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासूनची आहे, म्हणजे तेव्हा ती चालू होती, वर्तमानपत्रं निघत होती. एवढ्या मोठ्या संहाराचा त्यांत मागमूस नाही. अभ्यासकांनी ती गोष्ट कधीच निकालात काढली आहे. नोव्हेंबर १९४८ चं चक्रीवादळ मात्र खरं, नोव्हेंबर २००९ मध्ये आलेलं ‘फयान’ही खरं.

कोळीवाड्यात मात्र सोसाट्याचा, वादळी असल्या विशेषणांवर काम चालत नाही. तिथे आकडा असतो: बावटा किती नंबरचा? गिरणगावात वाढलेल्याला लाल बावटा म्हटलं की वेगळंच आठवेल, पण हा बंदरावरचा इशारा. दिवसा काळे शंकू आणि नळकांडी, रात्री लाल-पांढरे दिवे. एक आणि दोन नंबर म्हणजे धोका लांब समुद्रात आहे. तीन नंबर म्हणजे खुद्द बंदराला वादळी वाऱ्याचा तडाखा बसू शकतो. चार नंबर त्यापुढची सूचना. पाच ते सात धोका, आठ ते दहा महाधोका. यात एक गंमत आहे जी टीव्हीवाल्यांना कळत नाही. सहा हा पाचपेक्षा भयंकर नसतो. वादळ बंदराच्या कुठल्या बाजूनं जाणार की थेट डोक्यावरून, एवढाच पाच, सहा आणि सातमधला फरक. आठ, नऊ, दहाचंही तसंच. अकरा नंबर तर वाऱ्याविषयी काही सांगतच नाही. हवामान केंद्राशी संपर्क तुटला, एवढाच त्याचा अर्थ.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून ऐन मान्सूनच्या वाऱ्यात होड्या बहुतेक शाकारलेल्या असतात. अरबी समुद्रातली चक्रीवादळं येतात ती त्याच्या आगेमागे, मे-जूनमध्ये आणि मग ऑक्टोबर ते डिसेंबर. फयान आलं तेव्हा हंगाम भरात होता.

आपल्या बोलण्यात वाऱ्याचे शब्द केव्हाच वाऱ्यावर गेलेत. भन्नाट हा वाऱ्याचा शब्द, आता मिसळही भन्नाट असते. संस्कृत कोशांतला झंझावात म्हणजे पावसासकट येणारा जोराचा वारा. आज दौरा झंझावाती असतो, तोही एसी गाडीतून. तुफान अरबीतून आलं आणि सिनेमाच्या गर्दीला लागलं. त्याला हरकत नाही. हरकत आहे ती वावटळीला चक्रीवादळ म्हणण्याला. वावटळ म्हणजे भर उन्हात मैदानावर उठणारी, काही मीटर रुंदीची, मिनिटाभरात विरणारी धुळीची भोवरी. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर रुंद असतं आणि ते समुद्रावर जन्मतं. ओव्हल मैदानात एखादं होत नाही.

तर यंदा इशारा आला की विशेषण सोडून आकडा शोधायचा. झोत चाळिशीत असेल तर कुंड्या आणि वाळत घातलेले कपडे आत. साठीत असेल तर गच्चीवरचे सुटे पत्रे, ताडपत्री, टाकीची झाकणं आधी बांधायची, आणि गाडी झाडाखालून काढायची. पत्र्यावर नुसते दगड ठेवून भागत नाही, कारण वारा पत्र्याला वरून दाबत नाही, वरून ओढतो. छपरावरून वेगानं जाणाऱ्या हवेचा दाब कमी पडतो, खालची हवा पत्र्याला वर ढकलते. तो हुक-बोल्टनं खालच्या कैचीला बांधलेला असावा लागतो. झोत ऐंशीच्या पुढे सांगितला असेल, तर होर्डिंग, परांच्या, क्रेन यांच्या आसपास थांबू नये, आणि वारा पाच मिनिटं पडला म्हणून लगेच बाहेरही निघू नये. आकडाच दिलेला नसेल, तर कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांच्या नोंदी हवामान खात्याच्या मुंबई केंद्राच्या संकेतस्थळावर मिळतात. आपण विसाव्या मजल्यावर राहत असलो, तर त्या आकड्यात मनातल्या मनात थोडी भर घालायची.